राणीखांब

रुहामा : आणखी एक पाचर सैल झालीय. जाऊन बघा हवं तर, नुसत्या हातानं हलते.

याकोब : खांबांवरचं जुनं घर आहे गं. पाचरी सैल व्हायच्याच.

रुहामा : वा! माझ्या आजीच्या काळापासून घट्ट बसलेल्या पाचरी नेमक्या माझा भाऊ गावात आल्यावर सैल व्हायला लागल्या का? अहो, समुद्राची ती मोठी लाट आली, खांबांमधून खालून निघून गेली, घर जागचं हललं नाही. भूकंपात अर्धं गाव आडवं झालं, आपलं घर नुसतं कललं. आणि आता इल्यासदादा रोज दुपारी घराखाली शिरतो, खांबांमध्ये ठक ठक करत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी पाचर डुगडुगायला लागते. मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

याकोब : मग विचार ना त्याला सरळ.

रुहामा : तुम्ही विचारा.

याकोब : मी? घर तुझं, भाऊ तुझा. लग्न करून या जिन्यानं वर आलो तो आजतागायत मी इथला पाहुणा. पाहुण्यानं घरच्या खांबांबद्दल बोलू नये.

रुहामा : पाहुणा म्हणे! हा पाहुणा रोज माझ्या कालवणाला नावं ठेवतो.

याकोब : आज ठेवली? शुक्रवार आहे, बोट किनाऱ्यावर आहे, मी मुकाट्यानं जाळं सांधत बसलोय.

रुहामा : काल कॉफीच्या दुकानात दादा कोणाबरोबर बसला होता, ठाऊक आहे? त्या शहरातल्या दलालाबरोबर. जुनी लाकडी घरं उतरवून नेतो ना, तोच. पलीकडच्या गावातल्या पो तिमाबाईचं घर त्यानंच नेलं. सकाळी घर होतं, संध्याकाळी ट्रकवर लाकडं. आता म्हणे कुठल्याशा हॉटेलाच्या आवारात उभं केलंय, आणि तिच्या आईच्या खोलीत परदेशी लोक झोपतात.

याकोब : एवढी मोठी घरं, पण एक खिळा नसतो आत. पाचरी काढल्या की संपलं.

रुहामा : मग मी दुसरं काय सांगतेय मघापासून?

याकोब : पण सासूबाईंनी घर तुला दिलंय. आपल्या लग्नातच दिलंय.

रुहामा : दिलं. कोणासमोर दिलं? आपले क्यूचिक होते, गावचे प्रमुख म्हणून. ते लाटेत गेले. मशिदीत नमाज पढवणारे म्हातारे तेंगकू होते, ते गेल्या रमजानात गेले. तिसरा दादा. आईचे ते शब्द साक्षीदार म्हणून ऐकलेला एकच माणूस आता जिवंत आहे, आणि तोच माझ्या घराच्या पाचरी ढिल्या करतोय! पुढच्या महिन्यात सफियाचं लग्न. मी चारचौघांत उभं राहून म्हणायचं, हे घर मी लेकीला दिलं. आणि मामानं उठून विचारलं, ‘तुझं होतंच कुठे द्यायला?’ तर?

याकोब : तर मग आईच्या मागची वाटणी. भावाचे दोन भाग, बहिणीचा एक.

रुहामा : एका भागात काय येतं हो? जिना आणि पाय धुवायचा रांजण! लेकीला काय सांगू, पायऱ्यांवर संसार मांड म्हणून? आपल्यात घराशिवाय मुलीचं लग्न लागलेलं बघितलंय तुम्ही? जावई येऊन उतरणार कुठे?

याकोब : रडू नकोस गं. दादा तसा नाही.

रुहामा : तसा नव्हता. तीस वर्षं बायकोच्या गावात राहिला, माणूस बदलतो. वहिनी वारली तेव्हा आपण गेलो, तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाही. आणि आता आला तर म्हणतो, ‘असाच आलो.’ असंच कोणी महिनाभर येतं का? बहिणीचं घर असताना नमाजघरात जाऊन झोपतो! घरात झोपायचं तर माझ्या डोळ्याला डोळा भिडवावा लागेल ना.

याकोब : म्हणून तू त्याचा हातोडा लपवलास.

रुहामा : कोण म्हणालं?

याकोब : कोण कशाला म्हणायला हवं? सकाळी तांदूळ काढायला गेलो, तर रांजणात लाकडी हातोडा. म्हटलं, आज जेवायला हेच दिसतंय.

रुहामा : हसा. घर गेल्यावर पण असंच हसा.

(घराखालून ठोकल्याचा आवाज येतो.)

याकोब : हातोडा नाही तरी ठोकतोय बघ.

रुहामा : दादा! ए दादा! जिन्याशी ये. आत्ताच्या आत्ता ये.

इल्यास : आलो गं. ओरडतेस किती. हात मातीचे आहेत, मी खालूनच बोलतो. बघ, माझा हातोडा दिसला का कुठे? सकाळपासून दगडानं ठोकतोय.

रुहामा : हातोडा मिळायचा नाही. आधी सांग, माझं घर त्या दलालाला विकलंस का?

इल्यास : काय?

रुहामा : काय म्हणून काय विचारतोस? पाचरी कोण काढतोय मग? मांजर? मोठा भाऊ म्हणून इतके दिवस गिळून बसले होते मी. आईनं घर मला दिलं, तुझ्यादेखत दिलं. तुला हक्क सांगायचा असेल तर वर ये आणि तोंडावर सांग. खालून वाळवीसारखं पोखरू नकोस.

इल्यास : बघ, रुहामा... लग्न होऊ दे. मग सांगतो सगळं.

रुहामा : लग्नानंतर? म्हणजे ट्रक आल्यावर?

याकोब : दादा, पाया पडतो, सांगून टाका काय ते. ही दोन रात्री जिन्याच्या वरच्या पायरीशी झोपतेय. उशाशी कोयता.

इल्यास : कोयता? माझ्यासाठी?

रुहामा : नारळासाठी होता.

याकोब : रात्री नारळ जिना चढून येतात आमच्याकडे.

रुहामा : तुम्ही गप्प बसा हो! दादा, बोल.

इल्यास : लग्नघर आहे गं. लग्न ठरलेल्या घरात खांबाचं वाईट बोलू नये, आई कधी बोलू द्यायची नाही. नवरीवर येतं म्हणायची. म्हणून गप्प होतो. आता तू बोलायलाच लावतेस.

रुहामा : कुठल्या खांबाचं?

इल्यास : राणीखांबाचं.

रुहामा : या अल्ला. घरातला सगळ्यात मानाचा खांब!

इल्यास : बुंध्याशी पोकळ झालाय. वरून बघशील तर झकास. दगडावर टेकलाय ना, तिथं नुसता भुसा. आलो त्या दिवशी सावलीला म्हणून त्याला टेकलो, तर बोट आत गेलं. भूकंपात घर कललं म्हणता, ते याच्यामुळे. बघ, लग्नाला गाव वर चढणार. नवरदेवाची माणसं येणार. सगळी समोरच्या पडवीत बसणार. आणि सगळा भार कुठे, तर याच्यावर.

याकोब : मी रोज सकाळी त्याच खांबाला टेकून कॉफी पितो!

इल्यास : तू हलका आहेस, म्हणून वाचलास.

रुहामा : आणि पाचरी?

इल्यास : पाचरी सोडल्याशिवाय खांब निघतो का? त्या एका ओळीतल्याच सोडल्यात. खालून टेकू दिलेत, घर पडायचं नाही. बाकीच्या एकीलाही हात लावलेला नाही, जाऊन बघ.

रुहामा : आणि तो दलाल?

इल्यास : त्याच्याकडे उतरवलेल्या घराचा खांब पडून होता. जुनं पक्कं लाकूड, वाळवी दात लावत नाही त्याला. असा खांब आता रानात शोधूनही मिळत नाही. म्हटलं, मला दे. आज पहाटे आणून टाकला त्यानं. तो काय, नारळाच्या झावळ्यांखाली आहे. लपवला होता. तू बघितलास तर विचारशील म्हणून.

रुहामा : त्याला काय दिलंस त्याचं?

इल्यास : दिलं काहीतरी.

रुहामा : दादा.

इल्यास : जाळी दिली. लंगर दिला.

याकोब : तुमची जाळी? दादा, त्या जाळ्यांना तुम्ही आम्हाला हात लावू देत नव्हता!

इल्यास : आता कुठे जायचंय मला समुद्रावर. डोळ्यांना पाण्याचा रंग कळत नाही नीट. पडून कुजायची, त्यापेक्षा बरं.

रुहामा : देवा रे देवा. माझा भाऊ माझं घर सावरतोय आणि मी उशाशी कोयता घेऊन झोपतेय. थांबा, बसू द्या मला.

याकोब : त्या खांबाला टेकू नकोस.

रुहामा : हसवू नका हो, एकीकडे रडू येतंय मला. दादा, मग लग्नात तू... म्हणजे मी घर सफियाला दिलं असं म्हणेन तेव्हा...

इल्यास : तेव्हा मी सांगीन, आईनं हिला दिलं, आता ही लेकीला देतेय. त्यात काय? आईचे शब्द माझ्या कानात आहेत अजून. ‘पहिल्या पायरीपासून छपराच्या टोकापर्यंत रुहामाचं. ऐकलंत ना सगळ्यांनी?’ क्यूचिक म्हणाले, ऐकलं. तेंगकू म्हणाले, ऐकलं. मीही म्हणालो, ऐकलं. आणि नवरी असून तू पडद्याआडून कान देऊन ऐकत होतीस. ऐकलं म्हटल्यावर माणूस नंतर ऐकलं नाही कसं म्हणेल गं?

रुहामा : हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर माझा जीव भांड्यात पडला असता. महिनाभर घास उतरला नाही माझ्या घशाखाली.

इल्यास : तू विचारलं नाहीस. मला काय ठाऊक तुझ्या डोक्यात काय चाललंय ते? मला वाटलं, माझं येणं तुला आवडलं नाही. तोंड फुगवून वाढायचीस.

रुहामा : आणि तू? पहिल्या रात्री मी पडवीत चटई अंथरली होती, ती तशीच टाकून नमाजघरात गेलास. गावभर झालं, बहिणीनं भावाला ठेवून घेतलं नाही म्हणून. का गेलास?

इल्यास : सोड ना.

रुहामा : सोडणार नाही. तिकडे काय झालं? वहिनीच्या घरी?

इल्यास : भांडण नाही, तंटा नाही. चांगली माणसं आहेत ती. आम्हाला मूलबाळ नाही, घर तिच्या बहिणीच्या मुलीकडे गेलं. जायलाच हवं. मुलीचं लग्न झालं, तिचा नवरा आला. आता बघ, बायको असेपर्यंत मी त्या घरचा. ती गेल्यावर त्या पोरीचा मी कोण? मी पडवीत असलो की ती डोक्यावरची ओढणी सारखी सावरायची. स्वतःच्याच घरात! माझ्या जिवाला लागलं ते. एक दिवस जाळी उचलली आणि निघालो.

रुहामा : आणि मला म्हणालास, ‘असाच आलो.’

इल्यास : मग काय म्हणणार? ज्या घरावर मी साक्ष द्यायचीय, त्याच घरात जागा मागू? तू ‘ये’ म्हणाली असतीस, पण गरज होती म्हणून म्हणाली असतीस. माझ्या मनात होतं, आधी लग्न लागू दे, घर सफियाच्या नावाचं झालं असं मी चारचौघांत बोलून मोकळा होतो, मग विचारतो. त्याआधी विचारलं असतं तर तो सौदा झाला असता.

याकोब : दादा, तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं खरी. एक पोटात ठेवून फुगते, दुसरा पोटात ठेवून वाळतो.

रुहामा : काय विचारणार होतास? आता विचार. माझ्या घराची भीती गेली, आता तुला कसली आलीय?

इल्यास : घर आता सफियाचं होणार. तिचा नवरा येणार. नव्या जावयाला मामा पडवीत पसरलेला दिसला तर...

रुहामा : मामा आहेस तू तिचा. सख्खा. तिला तुझ्यासमोर ओढणी सावरावी लागत नाही. पुढे बोल.

इल्यास : पडवीचा तो समुद्राकडचा कोपरा. चटईपुरता. मरेपर्यंत. बस्स.

रुहामा : एवढंच?

इल्यास : एवढंच म्हणू नकोस. नमाजघरात पोरं झोपतात, प्रवासी झोपतात. सगळ्यांना सकाळी कुठेतरी जायचं असतं. मी एकटाच पडल्या पडल्या विचार करतो, आता उठून जायचं कुठे? लग्न करून या जिन्यानं खाली उतरलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो मी. गाणी म्हणत नेलं मला. आई हसत होती, सगळे हसत होते. मुलाच्या जाण्यावर कोण रडतं? जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एकदा मागं वळून बघितलं मी. कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

रुहामा : मी स्वयंपाकघराच्या मागं होते.

इल्यास : काय करत होतीस?

रुहामा : रडत होते. चूल धुरकट आहे म्हणून सांगितलं आईला.

इल्यास : मला कधी बोलली नाहीस.

रुहामा : तू विचारलं नाहीस. फिटलं. आता हात-पाय धू आणि वर ये. सफियाशी मी संध्याकाळी बोलते, आणि ती नाही म्हणाली तर तिलाच नमाजघरात पाठवते.

याकोब : मुलींना घेत नाहीत तिथे.

रुहामा : मग नाही म्हणणारच नाही ती. तुम्ही नुसते बसू नका. शुक्रवार आहे, सगळ्या बोटी किनाऱ्यावर आहेत. नमाजानंतर तुमच्या बोटीवरची सगळी माणसं घेऊन या, खांब आजच उभा करायचा. कोणी विचारलं तर खांबाचं वाईट काही बोलायचं नाही. म्हणायचं, लग्नासाठी नवा आणलाय.

याकोब : आणि जेवायला काय सांगू त्यांना? हातोडा?

रुहामा : कुपा मासळीचं कालवण करते, सुकलेली आंबट बिंबलं घालून. आणि मीठ माझ्या अंदाजानं घालणार आहे. दादा, ती चटई घे. नाही, तिकडे, समुद्राकडच्या कोपऱ्यात टाक. पड जरा. मी कॉफी आणते.

इल्यास : पडत नाही गं, नुसती पाठ टेकतो. याकोब, जावई कसा आहे रे? समुद्रावर जातो का?

याकोब : जातो. चांगला आहे पोरगा. थोडा घाबरतो.

इल्यास : समुद्राला?

याकोब : सासूला.

इल्यास : मग... टिकेल.

रुहामा : कॉफीत साखर घातलीय, दादा, वहिनी घालायची तेवढीच. दादा?

याकोब : श्श. आत ने ती.

रुहामा : झोपला?

याकोब : बोलता बोलता. तोंड उघडं ठेवून. असा झोपलेला माणूस मी कितीतरी दिवसांत बघितला नाही. नमाजाची वेळ होत आलीय गं. उठवू का?

रुहामा : अजान झाली की उठवते मी. तोवर तुम्ही ते जाळं जरा हळू ओढा. शिशाचे गोळे फळ्यांवर वाजतायत.