पाच नंबरच्या गल्लीचं पाणी

नाही, पेला नको शेठजी, तांब्याच असू द्या. उन्हातून आलेला माणूस पेल्यानं प्यायला लागला तर संध्याकाळ होईल. आणा इकडे — हां. गार आहे. आणि गोड आहे हो तुमचं पाणी, थांबा, अजून एक घोट — आमच्या भडगावला गिरणेच्या वाळूत खड्डा केला की जे पाणी लागतं ना, अगदी तसं. धुळ्याचं पाणी खारं असतं असं मला चाळीसगावच्या फलाटावर एका माणसानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तो धुळ्याला कधी आलाच नव्हता, हे त्यानं नंतर सांगितलं. असो. तर खोली पाहिली मी. जिना जरा उभा आहे, पण धरायला दोर बांधलाय, ते चांगलं केलंत. खोली पसंत आहे. पण माझं असं आहे हीरालालशेठ, की मी खोली शेवटी पाहतो, आधी गल्ली पाहतो. का म्हणाल तर मी पायी चालणारा माणूस. घरी दमणी होती, ती आता थोरल्या मुलाकडे आहे, बैलांसकट — आणि त्यानं दिली तरी इथं बैल बांधू कुठं, तुमच्या जिन्याला? सायकल म्हणाल तर या वयात धोतर सावरू की हँडल सावरू. म्हणजे राहिले पाय. आणि पाय ज्याचं वाहन आहे त्यानं घर शोधताना भिंतीकडे पाहायचं नसतं, रस्त्याकडे पाहायचं असतं.

तसं मी गाव सगळं पाहून आलोय. स्टेशनाजवळ दोन खोल्या दाखवल्या एकानं. चांगल्या होत्या, पण दारातून बाहेर पडलं की टांगेवाले, 'आबा, बसा ना, कुठं जायचं?' — अरे बाबा, मी इथंच राहतो — 'असू द्या, तरी बसा.' दिवसातून चार वेळा त्यांना नाही म्हणायचं म्हणजे शेवटी एक दिवस मी लाजेनंच बसेन. मग जिनिंगच्या बाजूला गेलो, कापसाची सरकी काढतात तिथं. तिथं खोली मोठी, वारा भरपूर, पण वाऱ्याबरोबर कापूसही भरपूर. घरमालक माझ्याशी बोलत होता तेवढ्यात त्याच्या मिशीला पांढरा थर चढला. म्हटलं, नको. मग नदीपलीकडं देवपुरात आमच्या गावच्या उखर्डूच्या मेव्हण्याचं घर. माणसं लाख, अंगण मोठं, कडुनिंबाची सावली. पण पांझरा पावसाळ्यात फुगली की काय करायचं? नदी आडवी आली म्हणजे मी तिकडं आणि ती इकडं — म्हणजे बाजार. बाजार इकडं. भाजीपाला, मीठमिरची, वैद्य. वैद्याचं तर मुख्य आहे. सांगितलं ना तुम्हाला, घरातल्या मंडळींचे गुडघे. इथल्या वैद्याचं औषध लागू पडतं म्हणतात, म्हणून महिन्यातले आठ-दहा दिवस इथं येऊन राहायचं, तिच्याच हट्टासाठी. नाही तर मला काय पडलंय, शेती सोडून तुमच्या पेठेत येऊन बसायला.

टांगा? हो, रोजचा टांगा ठरवता येईल, खरं आहे. पण टांग्याचं एक आहे शेठजी. माणूस टांग्यातून उतरला की तो पाहुणा होतो. घोड्याच्या घुंगरांचा आवाज आला की घरातल्या बाया चुलीकडे धावतात, सतरंजी झटकतात, कुणी तरी आतल्या पोराला शेवेच्या पुडीसाठी पिटाळतं. आणि तोच माणूस पायी आला, काखेत छत्री, कपाळाला थोडासा घाम, 'इकडूनच चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं' — तर त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही. तो सहज आलेला असतो. सहज आलेला माणूस परवा पुन्हा सहज येऊ शकतो. पाहुण्याला तसं जमत नाही, पाहुणा दोनदा आला की घरची माणसं मोजायला लागतात. म्हणून मला घर असं पाहिजे की तिथून सहज जाता आलं पाहिजे.

कुणाकडे म्हणजे? कुणाकडे असं नाही. कुणाकडेही.

बरं, आता तुम्ही हसलातच तर सांगतो. माझी मुलगी आहे इथं. शेवंता. चार नंबरच्या गल्लीत दिलीय. जावई गिरधर, कापसाच्या वखारीत काट्यावर बसतो, सरळ माणूस, बोलतो कमी. सासू बोलते, त्याचंही ती बोलते. नाही, त्रास नाही हो, कसला त्रास. पोर सुखात आहे. तीन वर्षं झाली लग्नाला. फक्त — आता या आखाजीचंच पाहा. आखाजीला पोरी माहेरी येतात, आमच्याकडे तरी दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. मी निंबाला झोका बांधून ठेवला, नवा दोर, चांगली फळी रंधा मारून घेतली. तर निरोप आला, सासूबाईंची कंबर धरलीय, पाठवता येत नाही. मागल्या आखाजीला सासूबाईंचे दात होते. आता झोका बांधलेला, गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आलेल्या, गाणी म्हणतायत, आणि आमचा झोका नुसता लोंबतोय. वाईट दिसतं. म्हणून संध्याकाळी कुणी नाही असं पाहून मीच बसलो. फांदी मोडली. ताईबाई म्हणाली — ताईबाई म्हणजे आमची मंडळी — ती घराच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालत होती, तिनं वरून पाहिलं, शिडीवरून तरातरा खाली आली आणि म्हणाली, 'पोरना झोकावर बाप बसस का कोठे?' आणि मग ती पण चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसली.

गुडघे? कोणाचे? हां — शिडी. तुमच्या लक्षात आलं ते. शेठजी, तुम्ही दुकानात कापड मोजताना पण असंच ऐकता का हो? बरं, गुडघे चांगले आहेत तिचे. देव करो आणि तसेच राहोत. तिला ठाऊकच नाही मी इथं आलोय ते. तिला वाटतंय मी जळगावला थोरल्याकडे गेलोय. हट्ट माझाच आहे. मलाच वाटलं, जवळ असावं. बायकांचं बरं असतं, त्यांना रडता येतं. आम्हाला खोल्या शोधाव्या लागतात.

मग चार नंबरच्याच गल्लीत का नाही घेत, असं विचारताय ना? दोन खोल्या रिकाम्या आहेत तिथं, ठाऊक आहे मला. पण तिथंच तर सगळं अडतं. आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत. तिला मूल होईपर्यंत बापानं तिथं घोटभरसुद्धा घ्यायचं नाही. नातवंड मांडीवर आलं की मोकळं, मग श्रीखंड खा. अजून तसं नाही. आणि हे व्रत मी एकदा घेतलंय, कन्यादानाच्या वेळी हातात पाणी घेऊन, ते मोडायचं नाही. तेव्हा सोपं वाटलं. कारण तेव्हा मार्गशीर्ष होता. उन्हाळ्यात धुळ्याला येऊन पाहा. स्टेशनापासून चालत तिच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं — मी ओटा ओलांडून कधी आत गेलो नाही, आत मागं घर केवढं आहे तेही ठाऊक नाही मला — तर ओट्यावर बसायचं, तिची सासू पाण्याचा तांब्या पुढे ठेवणार, मी हात जोडणार, ती म्हणणार 'मग सरबत?' — मी पुन्हा हात जोडणार. जीभ टाळूला चिकटलेली. पोरीशी चार शब्द बोलावे तर शब्द फुटत नाही, ती समजते आबा रागावलेत. एकदा मी युक्ती केली. फिरकीचा तांब्या भरून घरूनच पाणी नेलं. म्हटलं, आपलं पाणी आपण प्यावं, त्यात काय मोडतं? झाकण फिरवलं, तोंडाला लावलं, आणि दारात सासूबाई. 'का हो आबा, आमच्या आडाला काय किडे पडलेत?' पुढचं तुम्हीच समजा. शेवंता दोन महिने माझ्यावर रुसली होती.

म्हणून मी विचार केला, नीट, सावकाश. राहायचं असं ठिकाण पाहिजे की घरी पोटभर पाणी पिऊन निघालो, चालत गेलो, तास-दीड तास बसलो, परत आलो, तरी घशाला कोरड पडू नये. आणि गल्ली तीच नको. कारण ताईबाईनं हे आधीच काढून ठेवलंय. मी आपलं सहज विचारलं होतं, शेजारच्या घरी पाणी प्यायलं तर? तर म्हणाली, 'नही, ती गल्लीनं बठ्ठं पाणी पोरनंच शे.' म्हणजे अख्ख्या चार नंबरच्या गल्लीचं पाणी बंद. तिच्या पुढं कायदा नाही. म्हटलं ठीक, गल्ली बदलली की पाणी बदललं. धुळ्याचं हे एक बरं आहे, गल्ल्या कशा सरळ, नंबर घातलेले, माणसाला चुकता येत नाही. चारमध्ये पोर, पाचमध्ये मी. आत्ता तुमच्याकडे येण्याआधी चालून पाहिलं. तुमच्या दारातून निघायचं, कोपऱ्यावर तो पेढेवाला, तिथून वळायचं, आडव्या रस्त्यानं जायचं, पुन्हा वळायचं, की तिचा ओटा. कपाळाला घाम येतो तेवढा येतो, तहान लागत नाही. सहज आल्यासारखं दिसायला अगदी पुरेसं अंतर. मी तिच्या दारावरून तसाच पुढे गेलो. दार लोटलेलं होतं. नाही, हाक नाही मारली. आधी खोली ठरू दे म्हटलं.

तर खोली ठरली समजा. भाड्याचं तुम्ही म्हणाल ते. फक्त मागची बाजू दाखवा एकदा, हातपाय धुवायचं कुठं ते. या बोळातूनच ना? वाका म्हणताय, वाकतो. वा, आड घरातच आहे. म्हणजे हेच ते पाणी. बांधणी पण चांगली — पण हे काय हो, अर्धाच आहे? भिंत मधूनच गेलीय की. अर्धा आड तुमच्याकडे नि अर्धा भिंतीपलीकडे? दोन भावांची वाटणी होती होय, जुनी. घराची पाठ घराला. तुमचं तोंड पाच नंबरला आणि त्यांचं तोंड —

थांबा. तुमच्या घराची पाठ कुठल्या गल्लीला येते शेठजी?

हो, बरोबर. पाचच्या मागं चारच येणार. दुसरं काय येणार. मी पुढून मोजत होतो. सगळी पेठ पुढूनच मोजली मी. आणि पलीकडं कोण राहतं? — वखारीतला. काट्यावरचा. म्हातारी फार बोलते. हं.

नाही, बसत नाही, काही झालं नाही मला. तो तांब्या कुठं आहे? रिकामा. मीच केला, दोनदा भरून दिलात तुम्ही. आणि वर गोड आहे म्हणालो. गिरणेसारखं म्हणालो. तीन वर्षं शेठजी, फिरकीचा तांब्या, सासूबाईंचे किडे, जिभेचं चामडं — आणि तुमच्या दुकानात येऊन बसल्या बसल्या गटागटा —

श्श. रहाट वाजतोय. आपला नाही, पलीकडचा. बादली सोडली कुणी तरी. बोलू नका जरा, मला वाकू द्या — धरा माझी टोपी. दिसतं की खाली. पाणी हललंय, थांबेल आता. हे माझं डोकं, आणि त्या बाजूनं —

पोर वाळलीय का जरा? नाही, पाण्यात तसं दिसत असेल. बांगड्या त्याच आहेत, हिरव्या.

तुम्हाला नाही हो, मला हाक मारली तिनं. 'आबा' म्हणाली. आडात आवाज असा घुमतो म्हणून तुम्हाला वाटलं. — अगं हो, मीच आहे, ओढ तू बादली, पडशील. हसतेय. ऐकलंत? ही अशी हसायची झोक्यावर.

ताईबाईला मी सांगेन काय सांगायचं ते. नाही तर नाही सांगणार. द्या तो तांब्या इकडे, भरतो. पेला नको म्हटलं ना. आणि तुम्ही जा शेठजी पुढं, गिऱ्हाईक उभं आहे तुमचं दुकानात. जा ना.