जीवदोर

बेकसाहेब : माझ्या डिपार्टमेंटातली मुलगी, आणि गेममध्ये लोकांना मलमपट्टी करत फिरते? शोभतं का हे? सगळे पॉइंट मोकळे कर आणि नव्यानं वाट.

दाओन : साहेब, कॉलेजात होते तेव्हापासून वाढवलीय मी या वैद्यीणबाईला.

बेकसाहेब : म्हणूनच तर! तिच्या अंगात जीव भरपूर. तिला जीवदोर शिकव. दोर माझ्या कमरेला बांधायचा, की गुहेतल्या अजगराचा प्रत्येक घाव माझ्याऐवजी तिच्यावर.

दाओन : या गेममध्ये मेलेला परत उठत नाही, साहेब. कायमचा पुसला जातो.

बेकसाहेब : मग मरू नकोस. नाम, समजाव हिला.

नाम : साहेब म्हणतात ते बरोबर आहे.

दाओन : आणि तुमच्या स्वतःच्या बचावाला किती पॉइंट ठेवलेत?

बेकसाहेब : एकही नाही! सगळे तलवारीत ओतले. बचावाला अख्खं डिपार्टमेंट आहे की माझ्याकडे.

दाओन : जीवदोराला शेवटी दोन फाटे आहेत, साहेब. एकच घेता येतो. वाचून दाखवू?

बेकसाहेब : सगळं मीच वाचायचं, तर तुम्हाला पगार कशाला? तू ठरव. मी दोन झुरके मारून येतो, मग गुहेत शिरू.

(बेकसाहेब गेमिंग-पार्लरच्या कोपऱ्यातल्या, सिगारेटवाल्यांच्या काचेच्या खोलीत जातात.)

नाम : ऐक. गेल्या खेपेला ढाल मीच होतो. माझा धनुर्धारी त्यांच्यापायी गेला.

दाओन : मग? काय म्हणाले?

नाम : डुकराचं मांस खिलवलं. वर सोजू पाजली. म्हणाले, डिपार्टमेंटला तुझा अभिमान वाटतो. आता नवं पात्र घेऊन त्यांच्या औषधांच्या बाटल्या वाहतोय. तू कुठला फाटा घेतेयस?

दाओन : पहिल्यात मरेपर्यंत सोसायचं.

नाम : तोच होता माझा. आणि दुसऱ्यात?

दाओन : माझा जीव पाव उरला की दोर आपोआप तुटतो. तोवर सोसलेले सगळे घाव एकदम मालकाच्या अंगावर परत.

नाम : मालकाच्या. बचावाला एकही पॉइंट नसलेल्या.

दाओन : दुसराच घेतलाय, नामदादा. आत्ताच.

नाम : अगं बाई, सोमवारी त्यांच्यासमोर बसायचंय तुला!

दाओन : बसेन. त्यांनाही मांस खिलवू आपण. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, मी अडवत नाही. आलेच बघा.

बेकसाहेब : काय कुजबुज चाललीय? बांधला दोर?

दाओन : बांधला, साहेब.

बेकसाहेब : नाम, फाटा बघितलास ना हिचा? तू यातला अनुभवी माणूस.

नाम : बघितला, साहेब. माझ्यापेक्षा चांगला आहे.

बेकसाहेब : शाब्बास. मग होऊ ना पुढे?

नाम : व्हा, साहेब. आम्ही मागेच आहोत.