कानडे मास्तरांची साखळी

मंडळी, गेलेल्या कानडे मास्तरांवर चार शब्द बोलायला हुभा राहिलोय खरं, पण जीभ उचलत न्हाय. तालमीत भल्याभल्यांना अस्मान दाखवलं मी. आज एका म्हाताऱ्या मास्तरानं मलाच चितपट केलंय.

कानडे मास्तर आम्हाला वीज आणि लोहचुंबक शिकवायचे. म्हणायचे, "लेको, उदाहरण पाटीवर नाही, अंगानं सोडवायचं." वर्गात सगळ्या जातींची पोरं आणली ती आपल्या महाराजांनी. त्यांना हातात हात द्यायला लावणं मास्तरांच्या वाट्याला आलं.

एकदा मास्तरांनी यंत्र फिरवून काचेच्या बाटलीत वीज भरली. आम्ही हात धरून साखळी केली. पहिल्यानं बाटली धरायची, शेवटच्यानं तिच्या वरच्या पितळी गोळीला बोट लावायचं. शेवटचा मी. डोळे मिटले, बोट लावलं. काय झालं? काय सुदीक न्हाय.

मास्तर म्हणाले, "बाटली भरलेली, पोरं उभी, झटका नाही. सांगा, का?"

मी म्हटलं, "मास्तर, वीज मला भ्याली."

"होय तर. घरी जाऊन पांघरूण घेऊन बसली असेल."

मग मास्तर साखळीच्या कडेनं चालत गेले आणि थांबले. जोश्यांचा विनायक आणि चांभारगल्लीतला शिरपा, दोघांच्या मधी हात नव्हताच. उपरणं होतं. एक टोक ह्याच्याकडं, एक त्याच्याकडं. शिरपाची मान खाली.

आम्हाला वाटलं, आता छडी. मास्तर म्हणाले, "सुकं कापड वीज जाऊ देत नाही. सुटलं उदाहरण." आणि तांब्यातलं पाणी सगळं त्या उपरण्यावर ओतलं. "विनायका, ओलेतं म्हणजे सोवळंच ना रे? मग तुझी हरकत नसावी."

विनायकानं ते ओलं टोक परत हातात धरलं.

बाटली परत भरली. मी बोट लावलं आणि अख्खा वर्ग उडाला. विनायक आणि शिरपा एकदमच किंचाळले. शिरपा इतका हसला, इतका हसला, की मास्तरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. तसा मास्तर आता मिळायचा न्हाय मंडळी. लई वाईट वाटतंय.

आता त्यांच्यासाठी घटकाभर गप हुभं राहायचं हाय. पण हात धरून. मगापासनं बघतोय, विनायकराव वकील पुढच्या खुर्चीवर, शिरपा तिकडं दाराशी. साखळी तवा जिथं तुटली हुती, तिथंच आजबी तुटलीया.

शिरपा, पुढं ये. विनायकराव, उठा. आणि उपरणं तेवढं खुर्चीवर ठेवा. न्हायतर हितं तांब्या भरून ठेवलाय.