मुलांच्या वॉर्डातले जुलाब

मी मूळची शिरपूरकडची, तापीकाठची. मालक इकडं सिल्वासाला दोऱ्याच्या कंपनीत लागले, तशी मी पण आली, डोकमर्डीत खोली घेतली. पहिली पोरगी मात्र गावीच झाली व्हती, नऊ महिन्यांची असताना हगवणीनं गेली, सगळे बोलले पाणी बाधलं. काय सांगू तुम्हाला ताई, तेव्हापासून माझा पाण्यावरचा भरोसाच उडाला, कोणाच्या घरचा पेला मी तोंडाला लावायची नही. मग इथं दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात आयाबाईची जागा निघाली, तिथं लागली ती लागलीच, आता केस पिकले.

पहिले कसं, पावसाळ्यात किलवणीकडची पोरं यायची जुलाबाची, आणि थंडीत वेगळीच लाट यायची, उलट्या नि पाण्यासारखे जुलाब, एका खाटेवर दोन दोन पोरं. मग ते लशीचे थेंब तोंडात पाजायला लागले. मला संशयच व्हता, मी सिस्टरला बोलली पण, अशा चार थेंबांनी हगवण थांबते का कुठं. पण ती थंडीची लाट ओसरली खरी, ते मला मानावं लागलं.

आणि मग हे नवीनच. पोरगं येणार खोकला घेऊन, ताप घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब. म्हणजे आणलं कोणी? मी आधी पाण्याच्या टाकीवर संशय घेतला, मग कँटीनच्या दुधावर, मग भेटायला येणाऱ्यांवर. शेवटी माझी नजर बसली कल्पनावर. ती अथालची, दहा महिन्यांचं पोरगं न्यूमोनियाचं, त्याला पण जुलाब लागलेले, आणि हिच्या उशाला सारखा एक डबा फडक्यात बांधलेला. ती संडासला गेली तसा मी तो उघडला. नागलीची पेज. मी सगळ्या वॉर्डात सांगितलं, ही घरून आणते नि पोरांना बाधतं. बाकीच्या पोरांच्या आयांनी तिच्याशी बोलणं सोडलं. ती मला एवढंच बोलली, मावशी, घरी याला कधी जुलाब नव्हते, इथंच लागले. मला राग आला. मी बोलली, दवाखान्यात येऊन कोणी आजारी पडतं का बाई.

त्या पोराचे डोळे खोल गेले ताई, सलाईनला शीर सापडेना.

मग डॉक्टरीण बाईंनी पोरांची शी तपासायला पाठवली, पाणी पाठवलं, दूध पाठवलं, आणि स्वतः एक अख्खी सकाळ वॉर्डात स्टुलावर बसून राह्यल्या, वहीत काय काय लिहीत. मला वाटलं आम्हाला काढायचा डाव आहे, मी मुद्दाम दुप्पट फरशी पुसली. दोन दिवसांनी मला बोलावलं. बोलल्या, पाणी चांगलं निघालं, दूध चांगलं निघालं, पेजेचा तर काही संबंधच नही. हा पोटाचा दुसरा विषाणू आहे, हातावरून जातो. मावशी, परवा तुम्ही तीन नंबरच्या पोराचं बाळुतं बदललं, मग हात कशानं धुतले? मी बोलली, ही काय, भिंतीवरची जेलची बाटली. त्या बोलल्या, त्यानं हा नीट मरत नही, साबण-पाणीच लागतं. आणि तशाच हातांनी तुम्ही कल्पनाचं पोरगं उचलून वजनकाट्यावर ठेवलं, मी बघितलं. त्याला आधी पण असंच लागलं असणार. सिस्टरनं पण तेच केलं, मी पण कधी केलं असेल.

 मी हात पदराखाली घेतले.

पोरगं वाचलं. घरी जायच्या दिवशी मी कल्पनाला बोलली, पेज चांगली व्हती ग तुझी, माझंच चुकलं. तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं नि निघाली.

परवा आली व्हती, लशीला. पोरगं चालायला लागलंय आता. मी ओळखीनं पुढं गेली तशी तिनं त्याला मागं ओढलं. मी नळावर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, परत आली, तरी तिची नजर माझ्या हातांवरच. मग दिलं तिनं त्याला माझ्याकडं, पण त्याचा एक पाय आपल्या मुठीत धरून ठेवला. धरू दे. मी तिच्या जागी असती तर दिलंच नसतं. पोरगं जगो बिचारं, अजून काय.