कडीखालचा ताईत

हॅलो?… हो, दुकानातच आहे. आवाज तुटतोय गं, तंबूबाहेर येऊन बोल… हं, आता बोल बुरुल.

परत नेम चुकला?… दोन्ही गोळ्या?… म्हणजे लांडग्याने नेलेल्या नऊ मेंढ्या झाल्या… ठाऊक आहे, शुक्रवारी वडीलधारे येतील आणि गावचा कळप दुसऱ्याला देतील. नाही, चिडले नाहीये. दमलेय नुसती. सकाळपासून तिसरा फोन तुझा.

अगं ऐक ना. लांडगा चारशे मीटरवर, आणि बंदुकीवरची दुर्बीण किती पटीवर होती?… चोवीसवर? विकतानाच म्हटलं होतं, लहान घे. पण तुला शेजारच्या जोल्दोशपेक्षा मोठी हवी… हो, हो, मिश्यासुद्धा दिसल्या असतील. मिश्या मोजायच्यात का? लांडगा जवळ आणलास की हाताची थरथरपण जवळ येते. आठवर ठेव.

पण मी तर शंभर मीटरवर नेम लावून दिली होती. बंदूक घोड्यावरून पडली?… नाही? दुर्बिणीच्या कड्या धरून हलव बरं… घट्ट आहेत. मग… पुढच्या कडीखाली काय?… चिंधी? कसली चिंधी?

ताईत.

सासूबाईंनी… स्क्रू काढून खाली घातला आणि परत आवळले. धन्य आहे… अगं, कळतंय मला. त्यांचा लेक एसेन पाय मोडून पडलाय, सुनेच्या हातात बंदूक आली, जीव घाबरणारच. पण दुर्बीण पुढून उचलली गेली ना. गोळी त्याच्या अलीकडे मातीत गेली असेल… गेली ना? तेच ते.

काढ तो. खिशात ठेव, छातीशी… रागावू देत. आता दोन्ही कड्या उघड. दुर्बीण डोळ्यापासून चार बोटं लांब, नाहीतर भुवई फुटेल. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळ. मग बंदुकीचा बोल्ट काढून नळीतून एखादा पांढरा दगड बघ, तोच दुर्बिणीत मधोमध आण, आणि मग शंभर मीटरवर तीन गोळ्या…

कुत्री का भुंकतायत?… कोण, सादिरबेक आजोबा? आज मंगळवार ना, वडीलधारे तर शुक्रवारी येणार होते?… आणि तुझी बंदूक अशी उघडी पडलीय. फोन दे त्यांना… दे म्हणते ना.

सलाम, आजोबा. मी कानिशाई, बुरुलची थोरली बहीण… माझे गुडघे आहेत तसेच. आजोबा, कळप काढू नका तिच्याकडून… हो, मेंढ्या गावाच्या आहेत, कबूल. पण एसेन उठेपर्यंत त्या घराला दुसरं काय आहे?… नाही, नेम चांगलाय तिचा. दुर्बीण वाकडी बसली होती.

कोणी बसवली?…

मी बसवली. माझं चुकलं… हो, वीस वर्षं हाच धंदा करून… बोला, ऐकतेय… म्हणा, आजोबा. गावात सांगायचं तर सांगा. पण रविवारपर्यंत थांबा. मी स्वतः वर येते. बंदूक तीच चालवेल, मी बाजूला बसून वारा सांगेन… उपकार झाले.

हॅलो… बुरुल? रविवारपर्यंत दिलेत… रडू नकोस गं. खरं सांगून काय करू? उद्या त्याच तंबूत तुला सासूबाईंसोबत जेवायचंय… माझ्याकडे गिऱ्हाईक येणार नाही, माहितीय. नाही आलं तर नाही आलं.

आता दुकानाचं कुलूप शोधते आणि वर यायला निघते. ठेव.