टोचणारी कवळी

भाईंदरच्या दाताच्या दवाखान्यात नीलम आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर उत्तनची एक म्हातारी आणि तिचा मुलगा बसले होते.

"कवळी अजून टोचते, आये?"

"टोचते तर. खोटं सांगते का मी?"

"काल भाजलेला सुका बोंबील खाल्लास."

"गिळला."

"तुझ्या कवळीपायी दोनदा तिकीट पुढे ढकललं मी. तिकडे मिशनच्या शाळेत माझा वर्ग रिकामा बसलाय."

"आफ्रिकेत मास्तर न्हाय गावत? उत्तनचाच लागतो?"

"तीन वर्षांनी आलो, पण दोन महिने राहिलो ना?"

"मी कुटं काय बोलते, डिलन? कवळी बोलते."

मुलगा हसला आणि लगेच खिशातला फोन चाचपू लागला.

"काय रे?"

"सकाळी तिकडून सियाचा फोन होता. तिच्या आईला मलेरिया झालाय. औषध सुरू आहे. मला कळवू नको म्हणून तिने पोरीला बजावलं होतं."

"मंग सयपाक कोन करते?"

"सिया. भात जमतो म्हणाली. पाणी शेजारच्या बायका आणून देतात."

"फिलोमिना आजी, या आत," काउंटरवरच्या मुलीने हाक मारली.

म्हातारी उठली आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागली.

"आये, डॉक्टर इकडे आहेत!"

"म्हाईत हाय. मागच्या खेपेलाच बसली कवळी. तिकीट काढ आजचं."

"आये..."

"आठ वर्षांची पोर चुलीशी, आनि बाप हितं आयशीचे दात बघतो. मोठा आलाय मिशनरी! चल."