केबलची उजवी बाजू

बहीण: साल तरी बरोबर लिहिलंयस, दादा. एकोणीसशे एकोणऐंशी. त्यापुढची ओळ पुन्हा वाच.

भाऊ: ‘हेडफोनवर ऐकणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या चुकीमुळे देवमाशांची बाजू उलट नोंदली गेली.’ अगं, जुन्या अहवालात होतं तेच आत्मचरित्रात घेतलंय.

बहीण: अहवालही तूच लिहिला होतास. माझ्या कानांनी काय चूक केली? मादीची हाक कुठली, पिल्लाची कुठली, तेसुद्धा सांगितलं होतं मी.

भाऊ: हाका बरोबर होत्या. बाजू चुकली.

बहीण: बाजू कानाला कळतच नाही, हे तूच शिकवलंस मला. बोटीमागे सरळ ओढलेली केबल, तिच्यावर आठ हायड्रोफोन, पाण्याखालचे माईक. आवाज कुठल्याला आधी पोचला त्यावरून कोन निघतो, पण तोच कोन डावीकडेही बसतो आणि उजवीकडेही. खात्री हवी तर बोट वळवून पुन्हा ऐकायचं.

भाऊ: केबलसकट वळायला वीस मिनिटं लागतात.

बहीण: तीनदा म्हटलं मी, वळवा. तांडेल सुकाणू धरून तयार होता. तू घड्याळ बघत बसलास.

भाऊ: बंदराच्या तोंडाशी खडकात सुरुंग भरलेले होते, देवमासे लांब आहेत असं आपण कळवलं की उडवायचे. बंदराचे साहेब वायरलेसवर डोकं खात होते. आणि देवमासे एरवी डावीकडेच असायचे, खुल्या समुद्रात.

बहीण: म्हणून ठोकून दिलंस, डावीकडे. ते होते उजवीकडे, सुरुंगाच्या अंगाला. स्फोटानंतर एकच हाक उरली, मादीची. ती मी ऐकली, तू नाही.

भाऊ: माझी नोकरी गेली असती.

बहीण: माझी गेली. तू संचालक होऊन निवृत्त झालास. मी तीस वर्षं पोरांना गाणं शिकवलं, आणि प्रत्येक नव्या शाळेत मला आधी विचारायचे, बाई, तुम्हाला नीट ऐकू येतं ना?

भाऊ: हे तू कधी बोलली नाहीस.

बहीण: तू कधी विचारलंस?

भाऊ: उद्या पानं छापायला जाणार आहेत.

बहीण: मग आज लिही. ‘बहिणीने सांगूनही मी बोट वळवली नाही.’ जास्त काही नको.

(तो ओळ खोडून लिहितो. बराच वेळ लागतो.)

भाऊ: घे, वाच. तांडेल भेटायचा का नंतर?

बहीण: हो, तो वारला तोवर. सांगत होता, पुढच्या हंगामात, तू कचेरीत गेल्यावर, ती मादी पुन्हा हेडफोनवर ऐकू आली. हाक मारायची आणि थांबायची.

भाऊ: कुठल्या बाजूला होती?

बहीण: मीही तेच विचारलं. म्हणाला, ताई, वळवा म्हणायला बोटीवर कोणी नव्हतं.